मालकांतर्फे

मुलगा काय करतो असं कुणी विचारलं, की आई ‘वकील आहे’ एवढंच सांगते. कुणाचा, ते सांगत नाही. फौजदारी म्हटलं तर लोक जरा जपून बोलतात, दिवाणी म्हटलं तर लगेच बांधाचं भांडण काढून बसतात. पण ‘कामगारांच्या केसेस लढवतो, मालकाकडून’ असं म्हटलं, की समोरची बाई ‘अस्सं का’ म्हणते आणि सोयाबीनच्या भावाकडे वळते. आईला ते ‘अस्सं का’ लागतं. तिच्या डोळ्यांपुढे जुन्या सिनेमातला वकील येत असणार: गिरणीमालकाच्या दिवाणखान्यात बसलेला, जाड चष्म्याचा, मालकाने सिगार पेटवला की हसणारा. बिलोलीतले माझे मालक सिगार ओढत नाहीत. ते तंबाखू मळतात, चिमूट स्वतः घेतात, आणि ज्या कामगाराने त्यांच्यावर केस केली आहे तो जवळपास उभा असेल तर उरलेली त्याच्या तळहातावर ठेवतात. कोर्टाच्या व्हरांड्यात हा कार्यक्रम मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी मला प्रश्न पडतो की या दोघांच्या मधे मी कशाला?

या शाखेत मी शिरलो तो काही गजेंद्रगडकरांचे निकाल वाचून नव्हे. ते नंतर वाचले. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर साताऱ्याचे, पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, १९६६ साली नेमलेल्या पहिल्या राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि मालक-कामगारांचा कायदा सर्वोच्च न्यायालयात ज्यांनी घडवला त्यांत त्यांचं नाव आधी घ्यावं लागतं. मी शिरलो तो आमच्या सरांच्या गुडघ्यांमुळे. सर बिलोलीतले जुने दिवाणी वकील. आमच्या गावात दिवाणी न्यायालय आहे, अतिरिक्त सत्र न्यायालय आहे, पण कामगार न्यायालय नांदेडला. म्हणजे नरसी, नायगाव, कृष्णूर, कहाळा असं करत एसटीने जायचं, आणि कुठल्या गतिरोधकावर गुडघा बोलेल याचा नेम नाही. एके दिवशी सरांनी त्या फायलींचा गठ्ठा नाडीसकट माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आजपासून लेबर मॅटर्समधला स्पेशालिस्ट तू.”

स्पेशालिस्ट झाल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की या शाखेत वकील नसलेलाच बरा असं खुद्द कायद्याचं मत आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम ३६ सांगायचं की समेटाच्या बैठकीत वकिलाला मज्जाव, आणि न्यायाधिकरणापुढे यायचं तर समोरच्या पक्षाची संमती हवी, शिवाय न्यायालयाची परवानगी हवी. जुन्या कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेनेही ही अट काढलेली नाही. हेतू उत्तम आहे. एका बाजूला भारी फी घेणारा वकील आणि दुसऱ्या बाजूला एकटा कामगार, असं होऊ नये. कलम लिहिणाऱ्यांच्या नजरेपुढे मुंबईचा बॅरिस्टर असणार. बिलोलीहून सकाळच्या गाडीने उभ्याने आलेला ज्युनिअर नसणार. पण कलम सर्वांना सारखं. खुनाच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला फिर्यादीची परवानगी लागत नाही, आम्हाला मात्र उभं राहायलाही समोरच्याची मेहरबानी लागते. अशाच एका प्रकरणात कामगाराने मला टाचेपासून टाळूपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “येऊ द्या की साहेब, लेकरू हाय.” रोजनाम्यात ‘हरकत नाही’ एवढंच आलं.

कॉलेजात शिकलेला मालक वेगळा होता. त्याला धुराडं असायचं, भोंगा असायचा, पर्सोनेल ऑफिसर असायचा. आमच्या मुलखात असे मालक होऊन गेले नाहीत असं नाही. नांदेडला उस्मानशाही मिल होती. येसगीचा पूल ओलांडून मांजरेपलीकडे गेलं की बोधन, तिथे निजाम शुगर फॅक्टरी होती, १९३७ सालची, एकेकाळी आशियात नाव गाजवलेली. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली. आमच्याच तालुक्यात शंकरनगरला गोदावरी मनार सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकारी कारखाना हा तर मालक-कामगार कायद्याला पडलेला उखाणाच. बाप ऊस घालणारा सभासद, म्हणून मालक. थोरला मुलगा गव्हाणीवर हंगामी, म्हणून कामगार. आणि दोघं रात्री एका ताटात जेवतात. वर्गसंघर्ष म्हणतात तो अशा घरात पिठलं संपल्यावर व्हायचा.

असे मोठे मालक आपले वकील नांदेड-औरंगाबादहून आणतात. माझ्या वाट्याला येतात ते दाळमिलवाले, जिनिंगवाले, पेट्रोलपंपवाले, मंगल कार्यालयवाले, नरसीच्या रस्त्यावरचे धाबेवाले आणि वीटभट्टीवाले. यांतल्या बहुतेकांना नोटीस येईपर्यंत आपण ‘आस्थापना’ आहोत हे माहीतच नसतं. ते ती नोटीस दोन बोटांत धरून येतात, खुर्चीवर टेकतात आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच असतं.

“साहेब, त्यो तर आमच्या घरच्यासारखा व्हता.”

दाळमिलवाले आप्पा आले तेव्हाही हेच म्हणाले. त्यांचा माणूस बारा वर्षं मिलवर होता. पाहुण्याच्या लग्नाला म्हणून गेला, ठरल्यापेक्षा चार दिवस जास्त राहिला, परत आला तर त्याच्या जागी दुसरा. पुण्याहून शिकून आलेल्या आप्पांच्या मुलाने ‘डिसिप्लिन’ आणली होती. माणूस दोन महिने वाट बघत बसला आणि मग नांदेडला जाऊन तक्रार टाकून आला. आप्पांना तक्रारीपेक्षा त्यातल्या ‘गैरअर्जदार’ या शब्दाचा राग आला होता. “मी गैर कसा काय?” मी त्यांना पाणी दिलं.

मग ते सांगू लागले. त्याच्या बायकोच्या बाळंतपणाला जीप कुणाची गेली? पोराच्या अ‍ॅडमिशनला कुणी शब्द टाकला? त्याची आई गेली तेव्हा लाकडं कुणी घातली? हे सगळं खरं होतं. आप्पा खोटं बोलणारे नव्हेत. मी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, नेमणूकपत्र? नव्हतं. पगाराची पावती? नाही. रजेचा अर्ज? आप्पा माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, “घरच्याला कुणी नेमणूकपत्र देतं व्हय?” माझ्या ओठांवर आलं होतं की मग घरच्याला कुणी काढून टाकतं का, पण फी ठरायची होती.

मस्टर मात्र होतं. मस्टरबद्दल मला घरातून थोडं ज्ञान आहे. वडील अडत दुकानात दिवाणजी होते. रोजमेळ आणि खतावणी तर त्यांच्याकडे होतीच, हमालांची हजेरीही तेच मांडायचे, रोज दिवेलागणीला, त्या-त्या दिवसाची त्या-त्या दिवशी. म्हणून मस्टर उघडलं की मी आधी शाई बघतो. आमच्याकडची बहुतेक मस्टरं इन्स्पेक्टर येणार असल्याच्या आदल्या रात्री जन्माला येतात. बारा महिन्यांची हजेरी एका बैठकीत, एका पेनाने, एकाच हाताने. त्या हाताला रात्र चढत जाते तसतशी ‘ह’ ची शेपटी लांबत जाते. आप्पांच्या मस्टरमध्ये ३१ जूनला पाच माणसं हजर होती. एक किरकोळ रजेवर होता.

आणि माणसं होती नऊ. ९ आणि १९ या आकड्यांना बिलोलीच्या उद्योगजगतात मोठा मान आहे. १० माणसं झाली की ग्रॅच्युइटी लागते, २० झाली की भविष्यनिर्वाह निधी. त्यामुळे दाळमिलमध्ये दहावा माणूस पोती उचलताना दिसला, तरी तो कामगार नसतो. तो भाचा असतो, सुटीला आलेला. आप्पांचा भाचा चांगला पंचेचाळिशीचा होता आणि त्याची सुटी संपत नव्हती.

दुसरा मोठा आकडा २४०. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की तात्पुरत्या माणसाला कायम करा, असं महाराष्ट्राच्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्स सांगत आल्या. हंगामी धंद्याला १९०. १९४७ च्या कायद्यातलं पंचविसाचं कलमही २४० वरच उभं होतं: तेवढे दिवस भरलेल्याला काढायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. मग मालक लोक २३० ला माणसाला आठ दिवस घरी बसवतात आणि पुन्हा बोलावतात. ही युक्ती आपल्यालाच सुचली असं प्रत्येकाला वाटतं. वास्तविक १९७१ च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात सहाव्या क्रमांकावर ती ‘अनुचित प्रथा’ म्हणून छापलेली आहे. त्या कायद्याचं पूर्ण नाव ‘महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम’. नायगावात म्हणायला सुरुवात केली तर कृष्णूर येतं. आम्ही ‘यूएलपी’ म्हणतो.

आप्पांची कैफियत मी लिहिली. कैफियतीत सगळं नाकारायचं ही आमच्या धंद्याची रीत आहे. तक्रारदाराचं नाव आणि गाव सोडून बाकी प्रत्येक परिच्छेद ‘खोटा, चुकीचा व गैरअर्जदारास अमान्य’ असतो. मीही सरांच्या जुन्या फायलीतून नमुना घेतला आणि लिहिलं की तक्रारदार हा गैरअर्जदाराच्या सेवेत कधीही नव्हता. आप्पा सहीला आले, चष्मा लावून वाचू लागले, आणि त्या ओळीवर थांबले.

“नव्हता म्हंजे?”

“तसं लिहावं लागतं, आप्पा. पुढं म्हटलंय, नोकरीत होता असं घटकाभर मानलं तरी—”

“घटकाभर कामून? बारा वर्सं व्हता की!”

मी समजावून सांगितलं. सिद्ध करण्याचा भार कसा त्याच्यावर आहे, आपण कबूल केलं की भार कसा उतरतो. आप्पांनी ऐकलं. मुलाने फोनवरून सांगितलं तेही ऐकलं. सही केली, पण पेन खाली ठेवताना म्हणाले, “हे त्येनं वाचलं तर त्येला काय वाटंल?” इतक्या दिवसांत ‘त्याला काय वाटेल’ हा प्रश्न त्या फायलीत प्रथमच येत होता. तो कुठल्या परिच्छेदात घालावा ते मला समजेना.

आप्पांची साक्ष झाली तेव्हा सरतपासणी मी नीट पाठ करून घेतली होती. समोरच्या बाजूला जे वकीलसाहेब आहेत ते लाल बावट्यातले, साठी कधीच ओलांडलेले. कामगारांकडून फी घेतात की नाही याबद्दल बार रूममध्ये दोन मतं आहेत. त्यांनी उलटतपासणीत नेमणूक विचारली नाही, पगार विचारला नाही, मस्टर तर उघडलंच नाही. त्यांनी अगदी पाहुण्यासारखं विचारलं:

“आप्पा, ह्याच्या पोरीच्या लग्नाला गेला होता का?”

“म्हंजे काय. मीच कन्यादानाला उभा व्हतो.”

“काही दिलंत?”

आप्पा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उंच झाले. “कपाट दिलं. मिक्सर दिला. वाजंत्री आपल्याकडून.”

“एवढं कशापायी?”

“आता घ्या! बारा वर्सं राबला की माणूस आमच्याकडं!”

वकीलसाहेब ‘उलटतपास समाप्त’ म्हणून खाली बसले. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आप्पा मात्र पिंजऱ्यातून खूश होऊन उतरले. आपण छान बोललो असं त्यांना वाटत होतं, आणि तसं पाहिलं तर ते छानच बोलले होते.

उरला मागच्या पगाराचा मुद्दा. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितलं, की काढणं बेकायदा ठरलं तर मधल्या काळाचा पूर्ण पगार हा साधारण नियम. माणसाने आपण बेकार होतो एवढं सांगायचं, मग तो दुसरीकडे कमावत होता हे दाखवायचं ओझं मालकावर. हा सुरवसे निकाल आला आणि मालकांकडच्या वकिलांना छायाचित्रणाची गोडी लागली. आप्पांच्या मुलाने मोबाइलवर फोटो काढून आणले: तक्रारदार, हातात काठी, पुढे सात शेळ्या. मी ते दाखल केले आणि त्याची उलटतपासणी घेतली.

“या शेळ्या कुणाच्या?”

“भैनीच्या.”

“राखणीचे पैसे घेता?”

“भैनीकडून?”

“मग दूध?”

“करडं पितात.”

न्यायाधीशांनी ते जसंच्या तसं टंकायला सांगितलं. मला नंतर वाटलं, की हा ‘लाभदायक रोजगार’ दिल्लीत मोजता येत असेल, बिलोलीत अवघड आहे. इथे पूर्ण बेकार कुणी नसतो आणि पूर्ण कामाला लागलेलाही कुणी नसतो. सोयाबीन काढणीचे चार दिवस असतात, लग्नसराईत वाढप्याची पंगत असते, निजामाबादला जाऊन मिस्त्रीच्या हाताखाली पंधरवडा काढता येतो, आणि उरलेले दिवस शेळ्यांमागे. या न्यायाने मीही लाभदायक रोजगारात आहे की नाही, हे सिद्ध करणं जड जाईल.

कारण माझीही एक केस आहे. दाखल केलेली नाही एवढंच. वकिलाच्या ऑफिसात राबणारा माणूस कामगार ठरतो का, यावर मी कहाळ्याच्या थांब्यावर बराच विचार केला आहे. मुंबईतल्या एका सॉलिसिटर फर्मच्या नोकरांनी बोनस मागितला, ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६२ साली उत्तर मिळालं, की सॉलिसिटरचा धंदा त्याच्या बुद्धीवर चालतो, कारकुनांमुळे नव्हे. हा उद्योगच नव्हे. पुढे १९७८ साली बंगलोरच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात सात न्यायाधीश बसले, कृष्ण अय्यरांनी तो लांबलचक निकाल लिहिला, आणि दवाखाने, शाळा, क्लब, धर्मादाय संस्था यांच्याबरोबर वकिलांच्या फर्माही उद्योगात ओढल्या. मी आनंदाने पुढे वाचत गेलो. पुढेच त्यांनी एक बारीक दार ठेवलं आहे: एकटा वकील किंवा खेड्यातला डॉक्टर, हाताखाली एखादा छोटा मदतनीस घेऊन बसला असेल, तर तो काही उद्योग चालवतो असं म्हणायचं नाही. केरळच्या त्या न्यायमूर्तींना थेट बिलोलीतलं आमचं ऑफिस कसं दिसलं कोण जाणे. तो छोटा मदतनीस मी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय विधिज्ञ परिषदेने परिपत्रक काढलं, की ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. सक्ती नाही, शिफारस. मी ते छापून सहज दिसेल असं सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी शांतपणे वाचलं, ‘शिफारस चांगली आहे’ म्हणाले, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मला पुढच्या आठवड्याच्या तारखा लिहून दिल्या. किमान वेतन, समान वेतन, वेळेवर वेतन यांवर मी दुसऱ्यांच्या वतीने इतकं बोलतो, की घरी आल्यावर स्वतःबद्दल बोलायला घसा उरत नाही. सर कंजूष नाहीत. दिवाळीला देतात, मोटारसायकलच्या पेट्रोलला देतात, आई आजारी होती तेव्हा न विचारता पाकीट पाठवलं. कुणी पाहुणा आला की माझ्या पाठीवर हात ठेवून ओळख करून देतात: “हा आमच्या घरच्यासारखा.”

साक्ष झाली त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत लाल बावट्यातले वकीलसाहेब शेजारी बसले. त्यांना नायगावला उतरायचं होतं. ज्येष्ठ म्हणून त्यांचं अर्धं तिकीट, माझं पूर्ण. त्यांनी दोन्ही काढली. मी नको म्हणू लागलो तर म्हणाले, “तुझ्या मालकानं तुला दिले नसणार, माझ्या कामगारानं मला दिलेले नाहीत. त्यातल्या त्यात माझं अर्ध्यात भागतंय.” आप्पांच्या साक्षीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. गाडी सुटल्यावर त्यांनी खिशातून पेन काढलं आणि तिकिटाच्या मागे मांडायला घेतलं.

“शेवटचा पगार किती धरू? तेरा हजार?”

“आमचं म्हणणं अकरा.”

“तुझं म्हणणं राहू दे. तेरा गुणिले पंधरा भागिले सव्वीस.”

ग्रॅच्युइटीचा हिशेब असाच करतात. महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. वर्षाचे साडेसात हजार झाले, बारा वर्षांचे नव्वद. मी म्हटलं, दहा माणसं नव्हती, नऊच होती, ग्रॅच्युइटी लागू नाही. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “भाच्याला धर की रे बाळा. सगळं गाव धरतंय.”

मी भाच्याला धरलं. मालकांतर्फे वकिली करताना मला जे थोडंफार उमगलं आहे ते या गणितात बसतं. आप्पांनी दिलेलं कपाट आणि जीप आणि लाकडं यांची बेरीज केली, तर ती नव्वद हजारांच्या पुढे जाईल कदाचित. पण ती आप्पांच्या मनात आलं तेव्हा, आप्पांच्या हाताने गेली. त्या माणसाला हक्काने मागता येईल असं त्यांत काही नव्हतं. आणि जे हक्काने मागता येत होतं ते कधी कुणी मांडलंच नव्हतं. मागायला निघाला तर तो घरातला राहिला नाही. सव्वीसने भागणारा कायदा रुक्ष वाटतो खरा, मलाही कॉलेजात वाटायचा. पण त्यात कन्यादानाला कोण उभं होतं हे विचारलं जात नाही, यात त्या माणसाची केवढी सोय आहे!

तडजोड झाली. आप्पांनी पाच हजारांसाठी घासाघीस केली आणि मग ठरल्यापेक्षा एक हजार जास्तच दिले, सवाष्णीच्या ओटीसारखे वर एक रुपया ठेवून. पुरशिस दाखल झाली, दोघांनी सह्या केल्या, तंबाखू निघाली. आणि माझ्या देखत आप्पा त्याला म्हणाले, “झालं का आता समाधान? मग उद्यापासून ये. त्या नव्या पोराला चाळणी जमंना.” तो म्हणाला, “परवा येतो. उद्या शेळ्या सोडायला कुणी न्हाई.” पुरशिसवरची शाई वाळायच्या आत माझ्या डोळ्यांपुढे नवे २४० दिवस सुरू झाले.

“आप्पा,” मी म्हणालो, “या खेपेला नेमणूकपत्र द्या.” २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ कायदे जाऊन चार संहिता आल्या आहेत, माझे पाठ केलेले कलमांचे आकडे वाया गेले आहेत, पण एक गोष्ट सरकारने ठळक सांगितली आहे: माणसाला नेमणूकपत्र द्या. आप्पांच्या मुलाला हे पटतं; त्याला संगणकावर फॉर्म करायला आवडतं. आप्पांना लिहिण्याचा संकोच वाटतो. लिहिलं की परकेपणा येतो, असं त्यांचं म्हणणं.

मी त्यांना त्यांच्याच शेतातली गोष्ट काढून दाखवली. आप्पांकडे सालगडी असतो. गुढीपाडव्याला साल ठरतं, पाडव्याला सुटतं. रोख किती, उचल किती, ज्वारी किती पायल्या, कपड्यांचे जोड किती, पायताण, घोंगडी, सणाची सुटी कोणती, रात्री पाणी द्यायला जायचं की नाही: मारुतीच्या पारावर दोन माणसांदेखत एक-एक बाब बोलली जाते आणि वर्षभर दोघांच्या तोंडपाठ असते. घोंगडी द्यायची राहिली तर श्रावणात पहिल्या झडीला तो सांगतो. तिथे आप्पांना हिशेबाचा संकोच वाटत नाही. म्हटलं, हेच मिलवर कागदावर घ्या. उचलीचंही जरा बघा, असं मी पुढे जोडलं. कर्जापायी माणूस अडकून पडला तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा आहे. वेठबिगार शब्द निघाला की आप्पा पानाचा डबा शोधू लागतात. त्या दिवशीही शोधू लागले. पण डबा सापडल्यावर, पानाला चुना लावता लावता, माझ्याकडे मोठ्या मायेने बघत म्हणाले,

“वकीलसाहेब, तुमचंच एकदा साल ठरवून टाकू.”

“माझं?”

“दर तारखेला पैशाचं बोलायचं म्हंजे मलाबी बरं वाटत न्हाई, तुम्हालाबी न्हाई. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. मिलच्या, पंपाच्या, पोराच्या, सगळ्या केसा तुमच्याकडं. रोख एक ठरवू. वरून एक पोतं तुरीची दाळ, पॉलिश न केलेली. ज्वारी लागंल तेवढी. दोन जोड कपडे. त्यात ह्यो काळा कोट धरायचा.”

मी म्हटलं, आणि सुटी?

“पोळ्याला.”

पोळ्याची सुटी बैलांची असते हे त्यांना आठवून द्यावं असं क्षणभर मनात आलं. सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, परिपत्रकाची मागची बाजू आली, कृष्ण अय्यरांचा तो छोटा मदतनीस आला. दाळ वर्षभर पुरली असती. आप्पांचा मुलगा संगणकापाशी बसला होता; मी त्याला हे सगळं नीट टंकायला सांगितलं, दोन साक्षीदारांची जागा सोडायला सांगितली, आणि आप्पांकडे वळून विचारलं, “उचल किती?”